स्वयंचलित नियंत्रण प्रणालींवरील मानवी देखरेख

स्वयंचलित नियंत्रण प्रणालींवरील मानवी देखरेख म्हणजे ज्या उद्योगांत एका चुकीमुळे जीवितहानी होऊ शकते, अशा उद्योगांत यंत्राने घेतलेल्या निर्णयांवर माणसाने लक्ष ठेवणे, गरज पडल्यास ते निर्णय थांबवणे किंवा बदलणे, तसेच यंत्राने माणसाला कोठे अडवावे हेही आधीच ठरवून ठेवणे होय. रासायनिक कारखाने, रेल्वे, विमान वाहतूक, अणुवीज केंद्रे आणि धरणे ही या विषयाची प्रमुख क्षेत्रे आहेत. नियंत्रण कक्षात माणूस बसलेला असणे म्हणजे देखरेख असणे नव्हे. त्या माणसाला खरी माहिती मिळाली पाहिजे, विचार करण्यास वेळ मिळाला पाहिजे आणि काम थांबवण्याचा अधिकार असला पाहिजे. यांपैकी एकही गोष्ट नसेल, तर देखरेख केवळ कागदावर राहते.

ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही मध्य रेल्वेच्या कल्याण-कर्जत मार्गावरील सलग शहरे या विषयाच्या अभ्यासास सोयीची आहेत. रासायनिक औद्योगिक वसाहती, उपनगरी रेल्वे आणि स्वयंचलित दरवाजांचे बारवी धरण या तिन्ही गोष्टी येथे थोड्या अंतरात आढळतात आणि तिन्ही ठिकाणी यंत्र व माणूस यांच्यातील कामाची वाटणी वेगवेगळी आहे.

परिसर

अंबरनाथ आणि बदलापूर येथील महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतींत औषधे, रंग व इतर रसायनांचे अनेक कारखाने आहेत. त्यांतील बरेचसे लघु व मध्यम स्वरूपाचे आहेत. गेल्या काही दशकांत लोकवस्ती या वसाहतींच्या अगदी कुंपणापर्यंत पोहोचली. त्यामुळे कारखान्यातील बिघाड हा केवळ कामगारांपुरता मर्यादित राहत नाही. ३ जून २०२१ रोजी रात्री बदलापूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात रसायने अतितप्त होऊन वायुगळती झाली. आसपासच्या रहिवाशांना श्वास घेण्यास त्रास झाला आणि सुमारे तासाभराने गळती आटोक्यात आली. १२ सप्टेंबर २०२४ च्या रात्री अंबरनाथमध्ये रासायनिक धुके पसरले व नागरिकांनी डोळे आणि घसा जळजळत असल्याच्या तक्रारी केल्या. जवळच्या डोंबिवलीत मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये झालेले कारखान्यांतील स्फोट प्राणघातक होते. २०१६ च्या स्फोटात १२ जणांचा मृत्यू झाला.

उल्हासनगरची २०१४ मधील घटना मात्र वेगळ्या प्रकारची आहे. त्या वर्षी नोव्हेंबरअखेरीस वालधुनी नदीत टँकरमधून रासायनिक सांडपाणी ओतले गेल्याने विषारी वायू पसरला आणि काठावरील शेकडो रहिवाशांना रुग्णालयात न्यावे लागले. येथे कोणतीही नियंत्रण प्रणाली बिघडली नव्हती. घातक द्रव्य कारखान्याच्या फाटकाबाहेर पडले, की कोणत्याही पॅनेलवरचा दिवा त्याच्यासाठी लागत नाही. म्हणून देखरेखीचा विचार करताना प्रणालीची हद्द कोठे संपते, हा प्रश्न आधी विचारावा लागतो.

रिअ‍ॅक्टरजवळचा माणूस

लहान रासायनिक कारखान्यांत उत्पादन बहुधा घाण्याघाण्याने होते. कामगार यास 'बॅच' म्हणतात. रिअ‍ॅक्टर नावाच्या बंद भांड्यात एक रसायन घेऊन त्यात दुसरे थोडे थोडे सोडले जाते आणि ढवळणी सतत फिरत असते. नायट्रेशनसारख्या अभिक्रियांत मोठ्या प्रमाणावर उष्णता बाहेर पडते. ती काढून घेण्यासाठी भांड्याच्या दुहेरी भिंतीतून, म्हणजे जॅकेटमधून, थंड पाणी किंवा मिठाचे गार द्रावण फिरवतात.

या ठिकाणचा धोका समजण्यास थोडे रसायनशास्त्र पुरते. तापमान दर १० अंश सेल्सियसने वाढले, की अनेक अभिक्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणजे उष्णतानिर्मिती पटीपटीने वाढते. जॅकेटची थंड करण्याची क्षमता मात्र केवळ तापमानातील फरकाच्या प्रमाणात वाढते. एका विशिष्ट बिंदूनंतर ही शर्यत जॅकेट हरते. यालाच अभिक्रिया हाताबाहेर जाणे म्हणतात. हा बिंदू ओलांडल्यावर उरलेला वेळ कित्येकदा मिनिटांत मोजावा लागतो.

म्हणून येथे पहिली जबाबदारी यंत्राकडे दिलेली असते. तापमान ठरावीक मर्यादेपुढे गेले किंवा ढवळणी बंद पडली, तर दुसऱ्या रसायनाचा पुरवठा आपोआप तुटावा, अशी जोडणी केली जाते. हिला इंटरलॉक म्हणतात. वीज किंवा झडपा चालवणारी दाबाची हवा गेली, तर कोणती झडप कोणत्या स्थितीत जाईल हेही आधीच ठरवतात. थंड पाण्याची झडप अशा वेळी उघडी पडावी आणि रसायन सोडणारी झडप बंद व्हावी, असा संकेत आहे. बिघाड झाला तरी सुरक्षित बाजूला झुकणारी ही रचना या शास्त्राचा पाया आहे.

ढवळणीचे उदाहरण विशेष लक्षात घेण्यासारखे आहे, कारण येथे माणसाचा सद्हेतूच घातक ठरू शकतो. ढवळणी बंद पडली आणि रसायन मात्र येत राहिले, तर ते न मिसळता थर करून साचते. तापमापक अशा वेळी शांत दिसतो, कधी कधी तापमान उतरलेलेही दाखवतो. बिघाड लक्षात येताच ऑपरेटर घाईने ढवळणी पुन्हा सुरू करतो. साचलेले सर्व रसायन एकदम मिसळते आणि तासाभरात निघायची उष्णता क्षणात निघते. म्हणून जाणते पर्यवेक्षक ढवळणी बंद पडल्यावर तिच्या बटणाला हात न लावता आधी पुरवठा बंद झाल्याची खात्री करण्यास आणि वरिष्ठांना बोलावण्यास सांगतात. ही सूचना लिहून ठेवलेली नसेल, तर रात्रपाळीतील नवख्या कामगाराने ती स्वतःच्या बुद्धीने शोधून काढावी, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

बायपास

इंटरलॉक तात्पुरता निकामी करण्याच्या सोयीस बायपास म्हणतात. दुरुस्तीसाठी किंवा संवेदक तपासण्यासाठी तो अधूनमधून लागतोच. मात्र सदोष संवेदकामुळे उत्पादन वारंवार थांबू लागले, की बायपास सुरू करून काम पुढे रेटण्याचा मोह होतो. पाळी बदलते, सांगायचे राहून जाते आणि पुढच्या पाळीतला ऑपरेटर जे संरक्षण अस्तित्वातच नाही त्याच्या भरवशावर काम करतो.

हे टाळण्यासाठी चांगल्या कारखान्यांत बायपासला लेखी परवानगी, मुदत आणि जबाबदार व्यक्तीची सही आवश्यक असते. पाळी बदलताना चालू बायपासची यादी समोरासमोर वाचून दाखवली जाते. नियंत्रण प्रणाली आणि सुरक्षा प्रणाली वेगवेगळ्या ठेवाव्यात, म्हणजे एकीतील दोष दुसरीत शिरणार नाही, हे प्रक्रिया उद्योगांसाठीच्या आयईसी ६१५११ या आंतरराष्ट्रीय मानकाचे महत्त्वाचे सूत्र आहे. सुरक्षा प्रणालीची विश्वासार्हता चार पातळ्यांत मोजतात. सर्वांत खालच्या पातळीवरील प्रणालीसुद्धा दहा वेळा गरज पडली असता एकापेक्षा अधिक वेळा चुकता कामा नये. जोखमीच्या गणितात अलार्म ऐकून कृती करणाऱ्या माणसाला साधारणपणे दहातून एक चूक, एवढेच श्रेय दिले जाते आणि तेही त्याला पुरेसा वेळ व स्पष्ट सूचना असतील तरच. हा आकडा कामगाराचा अवमान करणारा नाही. उलट, सगळा भार एका जागत्या माणसावर टाकून मोकळे होणाऱ्या व्यवस्थापनाला तो आरसा दाखवतो.

खोटे बोलणारे दिवे

माणूस यंत्रापेक्षा शहाणा ठरेल की नाही, हे त्याला काय दिसते यावर अवलंबून असते. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतील थ्री माईल आयलंड अणुवीज केंद्रात दाब कमी करणारी एक झडप उघडी अडकली. नियंत्रण कक्षातील दिव्याने मात्र ती बंद असल्याचा समज करून दिला, कारण तो दिवा झडपेची प्रत्यक्ष स्थिती दाखवत नव्हता. तिला दिलेला विद्युत संकेत तेवढा दाखवत होता. आणीबाणीत पाणी सोडणारे पंप आपोआप सुरू झाले होते. अणुभट्टीत पाणी जास्त झाल्याचे समजून ऑपरेटरांनीच ते पाणी कमी केले. झडप दोन तासांहून अधिक काळ उघडी राहिली आणि अणुभट्टीच्या गाभ्याचा मोठा भाग वितळला. यंत्र बरोबर होते. माणसाने चुकीच्या माहितीवर त्याला थांबवले.

उलट प्रकार बोईंग ७३७ मॅक्स विमानांच्या बाबतीत घडला. एकाच संवेदकाच्या चुकीच्या मापनावरून स्वयंचलित प्रणाली विमानाचे नाक पुनःपुन्हा खाली ढकलत राहिली. २९ ऑक्टोबर २०१८ आणि १० मार्च २०१९ रोजी झालेल्या दोन अपघातांत मिळून ३४६ जणांचा मृत्यू झाला. पहिल्या अपघातापूर्वी वैमानिकांच्या हस्तपुस्तिकेत या प्रणालीची माहितीच नव्हती. ज्याचे अस्तित्व ठाऊक नाही, त्यावर देखरेख कशी करणार?

भोपाळ येथे २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री दोष आणखी खोलवर होता. मिथाइल आयसोसायनेटच्या टाकीची शीतकरण यंत्रणा अनेक महिने बंद होती. त्यामुळे टाकीतील द्रव नेहमीच ठरवलेल्या तापमानाहून उष्ण राही आणि तापमानाच्या इशाऱ्याला अर्थ उरला नव्हता. दाबमापकाचा काटा चढला तेव्हा त्यावर तात्काळ विश्वास ठेवला गेला नाही, कारण तेथील उपकरणे चुकीचे आकडे दाखवतात हा नित्याचा अनुभव होता. वायू शोषून घेणारा स्क्रबर आणि तो जाळणारी ज्योत या दोन्ही यंत्रणा त्या रात्री उपयोगी पडल्या नाहीत. नियंत्रण कक्षात माणसे होती आणि ती जागीही होती. खर्च वाचवण्यासाठी संरक्षणाचे एकेक कडे आधीच काढून घेतले गेले होते.

अलार्मांचा पूर

जुन्या पॅनेलवर प्रत्येक इशाऱ्यासाठी तार, दिवा आणि जागा लागत असे. त्यामुळे कोणता इशारा आवश्यक आहे याचा विचार होत असे. संगणकीय प्रणालीत नवा अलार्म जोडण्यास काहीच खर्च येत नाही. परिणामी ते शेकड्यांनी जोडले जातात. २४ जुलै १९९४ रोजी वेल्समधील मिलफर्ड हेवन येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट झाला. त्याआधीच्या ११ मिनिटांत दोन ऑपरेटरांसमोर २७५ अलार्म आले होते. इतके इशारे वाचून होणेही शक्य नसते, मग समजून घेणे दूरच. सर्वसाधारण परिस्थितीत एका ऑपरेटरपुढे दर दहा मिनिटांस सुमारे एकच अलार्म यावा, असे मार्गदर्शक सूत्र आता प्रचलित आहे. ज्या अलार्मवर ऑपरेटरने नेमके काय करावे हे सांगता येत नाही, तो अलार्म मुळात ठेवूच नये, असेही तज्ज्ञ सांगतात.

याच्याशी जोडलेला दुसरा पेच ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ लिझान बेनब्रिज यांनी १९८३ मध्ये मांडला. यंत्र सोपी कामे करू लागते आणि सर्वांत अवघड प्रसंग माणसाकडे सोपवले जातात. मात्र नित्याची कामे हातून गेल्याने त्याचे कौशल्य गंजते. महिनोन्महिने काहीही न करता पाहत बसलेल्या माणसाने एका मिनिटात निष्णात व्हावे, अशी ही अपेक्षा असते. यावर उपाय म्हणजे सराव. काही प्रक्रिया मुद्दाम हाताने चालवून पाहणे, सिम्युलेटरवर बिघाड निर्माण करणे आणि पाळीतील सर्वांनी त्याची उजळणी करणे. मोठ्या उद्योगांत हे घडते, लहान कारखान्यांत क्वचितच.

उपनगरी रेल्वे

मुंबईत बोरीबंदर ते भायखळा या टप्प्यावर १९२८ मध्ये स्वयंचलित रंगीत दिव्यांचे सिग्नल बसवले गेले. भारतातील ती सुरुवात मानली जाते. या पद्धतीत रुळांतून वाहणारा क्षीण विद्युतप्रवाह गाडीच्या चाकांमुळे खंडित होतो आणि मागील सिग्नल आपोआप लाल होतो. रुळ तुटला किंवा वीज गेली, तरी सिग्नल लालच होतो. पावसाळ्यात रुळांवर पाणी चढले की लोकल जागच्या जागी थांबतात, त्याचे एक कारण हेच आहे. प्रवाशाला तो बिघाड वाटतो. प्रत्यक्षात प्रणाली तिच्या स्वभावानुसार सुरक्षित बाजूला झुकलेली असते.

मग सिग्नल बिघडला म्हणून गाड्या अनंत काळ उभ्या ठेवायच्या काय? येथे माणसाचे काम सुरू होते. भारतीय रेल्वेच्या सर्वसाधारण नियमांनुसार स्वयंचलित सिग्नल लाल असल्यास चालकाने गाडी थांबवावी, दिवसा एक मिनिट व रात्री दोन मिनिटे वाट पाहावी आणि त्यानंतर पुढे अडथळा दिसताच थांबता येईल इतक्या सावधपणे जावे. वेग ताशी १५ किलोमीटरपेक्षा अधिक असू नये, आणि वळण, धुके वा पावसामुळे पुढचे नीट दिसत नसेल तर त्याहूनही कमी असावा. ही सवलत फक्त स्वयंचलित सिग्नलांना आहे. स्थानकातून चालवल्या जाणाऱ्या सिग्नलांपाशी लेखी अधिकारपत्र किंवा अन्य विहित परवानगी लागते. यंत्राचा नकार माणसाने कोणत्या अटींवर ओलांडावा, हे इतक्या नेमकेपणाने लिहिलेले नियम इतर उद्योगांत कमी आढळतात.

माणूस चुकेल, हेही गृहीत धरलेले आहे. लोकलच्या मोटरमनला चालवण्याचा दांडा दाबून धरावा लागतो. भोवळ येऊन हात सुटला तर ब्रेक आपोआप लागतात. मुंबई उपनगरी मार्गावरील सहायक चेतावणी प्रणाली सिग्नलची स्थिती मोटरमनच्या कक्षात कळवते. त्याने प्रतिसाद दिला नाही किंवा लाल सिग्नल ओलांडला, तर ती स्वतः ब्रेक लावते. अर्थात, या प्रणालीला रुळावरचे पाणी किती खोल आहे हे दिसत नाही. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि सुमारे १,०५० प्रवाशांची सुटका करण्यासाठी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल आणि स्थानिक नागरिक धावले. ते दिवसभराचे काम सर्वस्वी माणसांचे होते.

बारवी धरण

औद्योगिक विकास महामंडळाचे बारवी धरण बदलापूरजवळ असून उल्हासनगर, अंबरनाथसह जिल्ह्यातील अनेक शहरे व औद्योगिक वसाहती त्याच्या पाण्यावर अवलंबून आहेत. उंची वाढवल्यानंतर २०१९ च्या पावसाळ्यात ते प्रथमच नव्या पातळीपर्यंत भरले. धरणाला ११ स्वयंचलित दरवाजे असून पाण्याची पातळी ७२.६० मीटरपुढे गेल्यावर ते आपोआप उघडतात. मध्यरात्री मुसळधार पावसात कोणी निर्णय घ्यावा, कोणाची परवानगी मिळावी आणि मग दरवाजा उचलावा, हा धोकादायक विलंब येथे उरलेला नाही. धरणाच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने ही रचना योग्य आहे.

मात्र दरवाजा कोणाला विचारून उघडत नाही, म्हणून खालच्या अंगाला नदीकाठी गुरे चारणारा किंवा पोहायला उतरलेला माणूस त्याला दिसण्याचा प्रश्नच येत नाही. देखरेख येथे नाहीशी झालेली नाही. दरवाजापासून निघून ती इशाऱ्याच्या कामावर गेली आहे. पातळी वाढू लागताच महामंडळ आणि तहसील प्रशासन आस्नोली, राहटोली, चोण, सागाव, पिंपळोली आदी काठावरच्या गावांना सावध करतात. बारवीचे पाणी पुढे उल्हास नदीस मिळते. बदलापूर येथे उल्हासची इशारा पातळी १६.५० मीटर व धोक्याची पातळी १७.५० मीटर मानली जाते आणि पावसाळ्यात शहरातील लोक हे आकडे क्रिकेटच्या धावसंख्येसारखे एकमेकांना विचारत असतात. दरवाजे उघडण्यापूर्वी किती तास आधी गावात निरोप पोहोचला, हाच येथील देखरेखीचा खरा निकष ठरतो.

कायदेशीर चौकट

भोपाळ दुर्घटनेनंतर कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये १९८७ साली दुरुस्ती होऊन घातक प्रक्रियांवरील स्वतंत्र प्रकरण जोडले गेले. त्यातील कलम ४१ एच अन्वये जीविताला निकटचा धोका असल्याची वाजवी भीती वाटणाऱ्या कामगाराला ती बाब भोगवटादार, व्यवस्थापक किंवा सुरक्षा समितीच्या निदर्शनास आणून देण्याचा हक्क मिळाला. धोका खरा आढळल्यास तात्काळ उपाय करणे व्यवस्थापनावर बंधनकारक झाले. धोक्याविषयी सूचना देण्याचा कामगारांचा हक्क व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० मध्येही आहे. देखरेखीच्या दृष्टीने या तरतुदीचे महत्त्व मोठे आहे, कारण यंत्र थांबवण्याचे बटण हाताशी असूनही नोकरी जाण्याच्या भीतीने ते दाबले जात नसेल, तर ते बटण नसल्यातच जमा असते. राज्यात या तरतुदींची अंमलबजावणी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे आहे.

कुंपणाबाहेरच्या लोकांसाठी १९८९ चे घातक रसायनांविषयीचे नियम आहेत. त्यांनुसार मोठ्या धोक्याच्या कारखान्याने अंतर्गत आणीबाणी योजना तयार करून दर सहा महिन्यांनी तिची रंगीत तालीम घ्यावी लागते. बाह्य योजना जिल्हा प्रशासनाने करायची असते आणि तिचा सराव वर्षातून एकदा अपेक्षित आहे. अपघात झाल्यास काय करावे, याची माहिती आसपासच्या रहिवाशांना देणेही बंधनकारक आहे. १९९६ च्या नियमांनी जिल्हा व स्थानिक पातळीवर आपत्ती गट स्थापन करण्याची तरतूद केली. तथापि १९८९ च्या नियमांतील ही प्रमुख बंधने साठवलेल्या रसायनाच्या ठरावीक प्रमाणावर लागू होतात. त्या मर्यादेपेक्षा कमी साठा असलेला छोटा कारखाना मोठ्या धोक्याच्या यादीत येत नाही, मग त्याची भिंत एखाद्या निवासी इमारतीस लागून का असेना.